रहस्यकथा हवी आहे, पण कोणती?

"काकू, एखादी मस्त रहस्यकथा द्या ना." डोंबिवलीत मी २२ वर्षं वाचनालय चालवते आहे आणि हे वाक्य आठवड्यातून दोन-चारदा तरी कानावर येतं. सुरुवातीला मी हाताला लागेल ते पुस्तक काढून द्यायचे. त्यातली बरीचशी चार दिवसांत परत यायची, खूण पन्नासाव्या पानावर तशीच अडकलेली. पुस्तक चांगलंच असायचं, माणूसही वाचणारा असायचा, पण दोघांची गाठ चुकीची पडलेली.

आता मी आवडता लेखक विचारत नाही. विचारते, "अर्धवट टाकलेलं शेवटचं पुस्तक कोणतं? का टाकलंत?" त्यावरून फार कळतं. रहस्यकथेत एक प्रश्न वाचकाला पुढे ओढत नेतो: कोणी केलं, कसं केलं, का केलं, किंवा आता हा पकडला जाणार का. यातला कोणता प्रश्न तुम्हाला रात्री दिवा मालवू देत नाही, तेवढं ओळखा.

त्याआधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे रहस्यकथा, गूढकथा आणि भयकथा एकाच कपाटात कोंबलेल्या असतात. रहस्यकथेत शेवटी सगळ्याचा उलगडा व्हायलाच हवा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत तो होईलच असं नाही, तिथे अस्वस्थता हेच फळ. नारायण धारपांकडे जाल ते घाबरायला. "शेवट कळलाच नाही" म्हणून चिडणाऱ्या माणसाला मी गूढकथा देत नाही.

'कोणी केलं' हा प्रश्न आवडत असेल तर इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धात तिने रुग्णालयाच्या औषधालयात काम केलं होतं. तिच्या गोष्टींत विषाचा डोस, चव, परिणाम हे सगळं जागच्या जागी असतं, ते त्यामुळे. मराठी वाचकाला अडचण होते ती नावांची. आठ-दहा इंग्रजी नावं एकदम अंगावर आली की कोण कर्नल आणि कोण डॉक्टर ते कळेनासं होतं. म्हणून सुरुवात 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'ने (१९३४) करा. बर्फात अडकलेली गाडी, आणि प्रवासी एकेक करून जबानी द्यायला येतात, त्यामुळे माणसं ओळखीची व्हायला वेळ मिळतो. आमचे एक सभासद, निवृत्त पोस्टमास्तर, जुन्या कॅलेंडरचं पान चौकोनी कापून पुस्तकात ठेवतात. त्यावर तीन रकाने: नाव, किती वाजता कुठे होता, कोणाला दिसला. तसं करून बघाच. आणि हा प्रकार तीन-चार दिवसांत सलग वाचा. मध्ये आठवडा गेला की दुवे निसटतात आणि शेवट उगाच ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) मात्र पहिलं घेऊ नका. ख्रिस्तीची दोन-तीन पुस्तकं वाचून तिची पद्धत अंगवळणी पडली की घ्या, आणि कोणी काही बोलायच्या आत संपवा. याहून जास्त मी सांगणार नाही.

लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्यांना मी कादंबरी देतच नाही, शेरलॉक होम्सच्या कथा देते. त्या १८९१ पासून मासिकात छापून येत होत्या, प्रत्येक कथा स्वतंत्र, त्यामुळे एका फेरीत एक कथा आरामात होते. होम्सच्या ५६ कथा आणि चार कादंबऱ्या आहेत. पुष्कळजण हट्टाने पहिल्या कादंबरीपासून, १८८७च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'पासून सुरुवात करतात. तिचा दुसरा भाग अचानक अमेरिकेतल्या वाळवंटात जातो, होम्स बराच वेळ दिसत नाही आणि वाचक तिथेच थांबतो. आधी कथा वाचा.

इंग्रजी धुकं नको, आपल्यासारखी माणसं हवीत, असं म्हणणाऱ्यांना बंगाली गुप्तहेर ब्योमकेश बक्षी. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी तो १९३२ मध्ये आणला. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. त्याच्या कथा क्रमाने वाचाव्यात, कारण मित्र अजितशी ओळख, पुढे सत्यवतीशी लग्न, असं त्याचं आयुष्य पुढे सरकत जातं. सत्यजित रायांचा फेलूदा कुठूनही उघडा. हा गुप्तहेर पहिल्यांदा आला तो मुलांच्या 'संदेश' मासिकात, त्यामुळे सातवी-आठवीतल्या मुलांच्या हातात निर्धास्त द्या. अशोक जैन यांचा मराठी अनुवाद आमच्याकडे मुलांनी वाचून वाचून खिळखिळा केला आहे.

बाबूराव अर्नाळकरांकडे पुरावे जुळवायला जाऊ नका. हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली त्यांनी. धनंजय, झुंजार, काळापहाड या त्यांच्या नायकांकडे जायचं ते वेगासाठी, पाठलागासाठी. तापातून उठलेल्या माणसाला, किंवा वाचनाची सवय सुटलेल्याला मी आधी हेच देते. एक संपलं की तो दुसरं मागायला येतोच.

रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सताईंनी मला एकदा स्पष्ट सांगितलं, "मला कोडी नकोत हो, रात्रभर डोकं चालवून झालेलं असतं." त्यांना जॉर्ज सिमेनॉनचा इन्स्पेक्टर मेग्रे दिला. पॅरिसमधला पोलीस, पाइप ओढत माणसांच्या घरात बसून राहतो. खुनी कोण यापेक्षा तो त्या टोकाला का गेला हे त्याला समजून घ्यायचं असतं. पुस्तकं छोटी, ७५ कादंबऱ्या, कोणतीही आधी घ्या. ताई आजतागायत तिथेच रमल्या आहेत.

पकडला जाणार का, यातच जीव अडकत असेल तर जपानी लेखक केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' इंग्रजीत वाचा. खून सुरुवातीलाच आपल्यासमोर होतो, करणारी व्यक्तीही कळते, आणि तरी शेवटाला पोचेपर्यंत श्वास मोकळा होत नाही.

काहीही ठरवलंत तरी पहिली वीस पानं उभ्या उभ्या का होईना वाचून बघा. आमच्या खिडकीपाशी त्यासाठीच बाक ठेवला आहे. मलपृष्ठावरचा मजकूर आणि जाणकारांची प्रस्तावना मात्र शेवटी वाचा. प्रस्तावनेत खुन्याचं नाव बिनदिक्कत छापलेलं मी पाहिलं आहे.

जुनी प्रत घेत असाल तर आणखी एक. आमच्या एका ख्रिस्तीच्या प्रतीत बाराव्या पानावर कोणीतरी एका नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात लिहिलं होतं, "हाच!" मी खोडरबराने पुसलं, पण पेन्सिल इतकी दाबून चालवली होती की पान तिरपं धरलं की अक्षरं उमटून दिसायची. शेवटी नवी प्रत आणली. तेव्हापासून रहस्यकथा परत आली की पानं उजेडाकडे तिरपी धरून बघते, आणि मगच कपाटात लावते.