टाकीवरचा पोचा: डेंटिंगच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबईत मोटारसायकलच्या टाकीला पोचा पडण्याची कारणे ठरावीक आहेत. स्थानकाबाहेर एकमेकींना खेटून लावलेल्या गाड्यांतली एक कलंडली की शेजारच्या दोन-चार तिच्याबरोबर आडव्या होतात, आणि शेजारच्या गाडीच्या हँडलचे टोक नेमके टाकीच्या फुगीर भागावर बसते. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये अशी टाकी सहसा दुरुस्त होत नाही, बदलली जाते. त्यामुळे आम्हा डेंटरांकडे येणारे चांगले काम मुख्यतः जुन्या गाड्यांचे असते. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी येझदीही त्याच सुमारास बंद झाली, आणि या गाड्यांच्या मूळ टाक्या आता सहजासहजी मिळत नाहीत. ज्या मालकाला तीच टाकी जपायची असते तो घाई करत नाही आणि वाजवी मजुरीही देतो. नवख्याने आपले गिऱ्हाईक कोण, हे आधी ओळखावे.

काम मात्र पत्र्यापासून नव्हे, पेट्रोलपासून सुरू होते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण पेट घेते ती वाफ, आणि हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, आणि आपल्याकडे गाळ्याला गाळा लागून असल्यामुळे ती शेजारच्या ग्राइंडरपर्यंत केव्हा पोहोचली हे कळतही नाही. टाकी उतरवून पेट्रोल उघड्या जागी काढावे, झाकण, कॉक आणि इंधनाची पातळी दाखवणारा फ्लोट सोडवावा, आणि डिटर्जंट घातलेल्या गरम पाण्याने टाकी पुन्हा पुन्हा धुवावी, कारण पत्र्याच्या सांध्यांत आणि गंजाच्या थरात पेट्रोल दडून राहते व पत्रा तापला की पुन्हा वाफ सोडते. वास येत नाही म्हणजे टाकी स्वच्छ झाली, असे समजू नये. वेल्डिंग किंवा झाळकाम करायचे असेल तर त्या जागेच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरून, झाकण उघडे ठेवूनच करावे. याबाबतीत घाई करणाऱ्या उस्तादाकडे काम शिकू नये, मग त्याचा हात कितीही सफाईदार असो.

टाकी धुऊन वाळली की ट्यूबलाइटखाली धरावी. चांगल्या पत्र्यावर नळीचे प्रतिबिंब सलग वाहते. पोच्यापाशी ते मुरडते, आणि काठाशी जिथे आखडते तिथे पत्रा बाहेर उचललेला असतो. बोटांच्या टोकांना हा उंचवटा नीट कळत नाही. तळव्याखाली पातळ सुती फडके घेऊन हात सावकाश आडवा फिरवला तर अर्ध्या मिलिमीटरचा फरकही लागतो. नवख्यांचे लक्ष खोलगट भागावर असते, पण पोच्याला धरून ठेवतो तो हा काठच. घडी पडलेल्या रेषेत पत्रा वाकून कठीण झालेला असतो. ती सैल केल्याखेरीज मधला भाग कितीही ओढला तरी परत बसतो. म्हणून काठ हलक्या हातोडीने उतरवत, त्याच वेळी मधला भाग थोडा थोडा उचलत, बाहेरून आत यावे लागते.

उचलण्याची पद्धत पोच्याच्या जागेवरून ठरते. झाकणाच्या तोंडातून वाकवलेली सळई पोहोचत असेल तर आतून दाब देता येतो. उथळ, गोल पोचा आणि कंपनीचा मूळ रंग असेल तर गोंदाने चिकटवलेल्या टॅबने, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या चकतीने, ओढून रंगासकट काम निभावते, मात्र पुन्हा रंगवलेल्या टाकीवर टॅबबरोबर रंगच निघून येतो. धारदार घडीसाठी रंग खरवडून, पत्र्यावर वॉशर वेल्ड करून सरकत्या हातोड्याने (दांड्यावर वजन सरकवून झटका देणाऱ्या अवजाराने) खेचावे लागते. फार खोल पोच्यासाठी टाकीचा खालचा पत्रा कापून, डॉली (हातोडीच्या ठोक्याला पलीकडून आधार देणारा लोखंडी ठोकळा) आत घालून ठोकतात आणि पत्रा पुन्हा वेल्ड करतात. हे काम नवख्याचे नव्हे. कॉम्प्रेसरची हवा भरून पोचा फुगवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मी साफ नाकारतो. हवा सगळीकडे सारखाच दाब देते, त्यामुळे कठीण झालेली घडी जागची हलण्याआधी टाकीच्या तळाचा सपाट पत्रा फुगतो, आणि टाकी फ्रेमवर बसेनाशी होते किंवा सांधा उकलतो.

पत्रा ठोकून झाला की गळती तपासावी. तोंडे बंद करून दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) इतकीच हवा द्यावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. रंगानंतर सापडलेली गळती म्हणजे सगळे काम पहिल्यापासून.

उरलेले खड्डे भरायच्या लेपाबद्दल, म्हणजे पुट्टीबद्दल, माझे मत कडक आहे. तिचा थर तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर पत्र्याचे काम संपलेले नाही असे समजून हातोडी पुन्हा उचलावी. जाड थर इंजिनाच्या थरथराटाने आणि उन्हाने तडकतो. पुट्टी ८० नंबरच्या पेपरने खरवडलेल्या कोरड्या पत्र्यावर लावावी आणि ती कडक करणारा हार्डनर सुमारे दोन टक्केच घालावा. लवकर सुकावे म्हणून जास्त घातला तर त्याचा डाग रंगातून वर येतो. पावसाळ्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी, आणि पाणी लावून घासायचा वॉटर पेपर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) बसल्यानंतरच हातात घ्यावा. जुलैच्या दमट हवेत लॅकरवर, म्हणजे झटपट सुकणाऱ्या रंगावर, पांढुरकी झाक येते. अशा दिवशी रंगाची फवारणी गन बाजूला ठेवून गिऱ्हाइकाला पुढची तारीख द्यावी. टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा) आणि त्यावरचा पारदर्शक क्लिअर कोट मारताना साधा रुमाल चालत नाही, कारण त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. योग्य श्वसन-मास्क नसेल तर ते काम बाहेर द्यावे.

शिकायला आयटीआयचा एक वर्षाचा शीट मेटल वर्करचा अभ्यासक्रम पाया म्हणून चांगला, कारण तिथे मापे, कापणी आणि वेल्डिंग शिस्तीने शिकवतात. पण टाकीचा गोलावा गॅरेजमध्येच हाताला बसतो. सरावासाठी कुर्ल्याच्या भंगारातून टाकी घेताना खिशात छोटे लोहचुंबक ठेवावे. जिथे ते निसटते तिथे पुट्टीचा जाड थर आहे, आणि सरावाला तीच टाकी घ्यावी: थर उतरवला की आधीच्या डेंटरने काठ उतरवला होता की नुसता खड्डा भरला होता, हे पत्र्यावर दिसते.