कोल्हापूरहून विमानानं निघताय? अंतर आणि वेळेचा हिशेब आधी करा

तिकीट काढायच्या आधी कागदावर दोन आकडे लिहा: रस्त्याचं अंतर आणि हवेतलं अंतर. मुंबई रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटर, सरळ रेषेत मात्र जेमतेम ३१०. हैदराबाद सरळ रेषेत साधारण ४४५, बंगळूर ५३०, तिरुपती ६५० च्या थोडं पुढं. कुठं हाच आकडा नॉटिकल मैलांत दिसला तर १.८५२ नं गुणा, किलोमीटर मिळतील.

आता वेळ. पंख्यांचं छोटं एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. त्या हिशेबानं मुंबई चाळीस मिनिटांच्या आत यायला हवी, पण तिकिटावर त्याहून बरंच जास्त छापलेलं असतं आणि धरायचं तेच. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, चढणं, उतरणं आणि मुंबईवर गर्दी असली की आकाशात घिरट्या, हे सगळं त्यात आलं. पुढचं विमान पकडायचं असेल तर मुंबईत टर्मिनल एक की दोन, हे आजच बघून ठेवा. दोन्हींमध्ये गाडीनं जावं लागतं, आणि तिथली ट्रॅफिक आपल्या दसरा चौकासारखी नाही हो. मध्ये तीन तास तरी ठेवा. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर त्याहून जास्त, कारण पहिलं विमान उशिरा पोचल्यानं दुसरं चुकलं तर भुर्दंड आपल्यालाच.

उजळाईवाडीचा विमानतळ शहरापासून नऊ-दहा किलोमीटर, रिक्षानंही जाता येतं. तरी विमान सुटायच्या तासभर आधी काउंटर बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोचा. सांगली, इचलकरंजीकडून येणाऱ्यांनी पावसाळ्यात पंचगंगेची पातळी बघूनच गाडी काढावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता.

बॅग रात्रीच भरा, आणि घरच्या वजनकाट्यावर ठेवून बघा. आत न्यायची ७ किलोपर्यंत, खाली टाकायची बहुधा १५. तिकिटावरचा आकडा एकदा वाचाच. मुंबईतल्या लेकीसाठी आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी खालच्या बॅगेत, तीही डब्याला दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून, नाहीतर शर्टांना आठवडाभर वास. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. त्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून चालत नाहीत. पॉवर बँक मात्र उलट, ती आपल्याजवळच्या बॅगेतच. आधार कार्ड वरच्या खिशात.

दिवाळीच्या सुमारास किंवा मार्चअखेरीस जाणार असाल तर निघायच्या आठवडाभर आधी वेळ पुन्हा तपासा. ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी विमानांचं वेळापत्रक बदलतं, आणि सकाळचं विमान दुपारी गेल्याचा मेसेज ज्या नंबरवर येतो तो बहुतेक वेळा तिकीट काढून देणाऱ्या एजंटाचा असतो. बुकिंगमध्ये स्वतःचा नंबर घालायला सांगा.