लाइव्ह रॉक रचताना या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू वसलेला सच्छिद्र दगड, नुसता शोभेचा नसतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सुटणारा अमोनिया त्याच्या छिद्रांतले जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. मात्र त्यासाठी त्या छिद्रांपर्यंत प्राणवायू असलेलं पाणी पोचावं लागतं. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि थंडीत खपून गेलेली रचनेतली चूक उन्हाळ्यात माशांच्या जिवावर येते.

मागच्या काचेला टेकवून भिंत रचणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. समोरून टाकी भरगच्च दिसते, पण मागे पाणी फिरत नाही, तिथे गाळ साचतो आणि पाणी कितीही बदललं तरी नायट्रेट उतरत नाही. ९० × ४५ × ५० सेंमीच्या, म्हणजे साधारण २०० लिटरच्या टाकीला सच्छिद्र दगड १२ ते १८ किलो पुरतो. लिटरमागे १२० ग्रॅमचं जुनं माप जड, भरीव दगडासाठी ठीक होतं. हलक्या दगडाला तेवढं लागत नाही.

रचना आधी कोरड्यावर करा. पुठ्ठ्यावर टाकीच्या तळाचं माप आखा, चारही बाजूंनी ८ सेंमी आत दुसरी रेघ ओढा आणि त्या रेघेच्या आतच दगड मांडा. काच पुसायचं चुंबक फिरायला एवढी जागा लागतेच. एका सलग ढिगाऐवजी लहानमोठे दोन ढीग करा, मध्ये वाट ठेवा, एखादी कमान काढा. मनासारखं झालं की चारही बाजूंनी फोटो घ्या आणि मगच दगड टाकीत उतरवा.

टाकी चालू असेल तर मोठ्या पिचकारीने दगडांच्या मागे पाणी मारून पाहा. गढूळ लोट उठला तर तिथे प्रवाह पोचत नाही. आधी पॉवरहेडची (टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाची) दिशा बदला, त्याने भागलं नाही तरच दगड हलवा. फक्त मासे असतील तर तासाला टाकीच्या दहापट, मऊ प्रवाळ असतील तर वीसपट पाणी फिरावं. २०० लिटरला हे २००० ते ४००० लिटर होतं.

आधी वाळू, मग दगड

गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी वाळू उकरतात. दगडाखालची वाळू सरकली की वरचा दगड काचेवर येतो. म्हणून खालचे दगड थेट तळाशी, प्लास्टिकच्या जाळीच्या शीटवर बसवा आणि वाळू नंतर ३ ते ५ सेंमी ओता. प्रत्येक दगड तीन ठिकाणी टेकलेला हवा. हाताने हलवून डगमगला तर तो काढून पुन्हा बसवा. सांध्याला दोन घटकांची एपॉक्सी पुट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना जेल सुपरग्लू, असं एकत्र लावलं तर पकड चांगली येते. कमानीसाठी दगडाला भोक पाडून अॅक्रिलिकची कांडी घाला. लोखंडी सळई खाऱ्या पाण्यात गंजते. चालू टाकीत पुट्टी लावली की स्किमर (फेस काढून पाण्यातली घाण ओढणारं यंत्र) काही काळ फेसाने उतू जातो. तेव्हा तो कमी करा, घाबरू नका.

जवळपास मिळणारा दगड टाकीत घालणं

खान्देशातला काळा दगड म्हणजे बसाल्ट. तो जड आणि भरीव असतो, जिवाणूंना त्यात जागा फारशी मिळत नाही. जळगावकडच्या खाणींतले स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे स्फटिक सुंदर दिसतात, पण त्यांची जागा कपाटात. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडाही उचलून आणू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. तयार केलेला कोरडा सच्छिद्र दगड घ्या आणि चांगल्या चालू टाकीतल्या एखाद्या तुकड्याने त्यात जिवाणू सोडा.

उकळून स्वच्छ करणं

हे कधीही करू नका. दगडावर झोअँथिड (प्रवाळासारखे मऊ जीव) असतील तर त्यांतलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर हवेत जातं आणि घरातली माणसं गंभीर आजारी पडू शकतात. गरम पाणी ओतून घासणंही तितकंच धोक्याचं. ब्रश वापरायचा तर बादलीतल्या खाऱ्या पाण्यात, दगड बुडालेला ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालून.

आणल्याबरोबर टाकीत सोडणं

मुंबईहून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या दगडावरचे जीव वाटेत काही प्रमाणात मरतातच. तसाच माशांत सोडला तर अमोनिया झपाट्याने वाढतो. वेगळ्या ड्रममध्ये १.०२५ घनतेचं खारं पाणी, २५-२६ अंश तापमान आणि पॉवरहेड ठेवा, दिवा नको. आठवड्याला निम्मं पाणी बदला. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला बहुधा ३ ते ६ आठवडे जातात. कुजका वास येतोय तोवर दगड तयार नाही.

कोरड्या दगडाची अडचण वेगळी: त्यातून फॉस्फेट सुटतं आणि पुढे हिरव्या केसाळ शेवाळाचा त्रास होतो. आठवडाभर खाऱ्या पाण्यात भिजवून ते पाणी तपासा. फॉस्फेट निघालं तर पाणी बदलून पुन्हा भिजवा.

पाणी आणि वीज

कोरड्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. रोज भर घालायची ती आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याची, खाऱ्याची नाही आणि जड बोअरच्या पाण्याची तर नाहीच. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर आपल्या कोरड्या हवेत पाणी २-३ अंश सहज उतरतं. पण त्यामुळे बाष्पीभवन वाढतं, म्हणून घनता रोज मोजा.

वीज गेली की दगडातले जिवाणूही प्राणवायू वापरतच राहतात. बॅटरीवरचा एअरपंप चार्ज करून ठेवा आणि त्याचा एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा खडा) दोन ढिगांमधल्या वाटेत सोडा. जुनी रचना मोडायची असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत मोडा, एका वेळी एक ढीग, आणि उठलेला गाळ सायफनने लगेच ओढून घ्या.