नवी पेमेंट सुविधा नियमांत बसवून टप्प्याटप्प्याने कशी सुरू करावी

कल्पना पक्की झाली की पहिल्याच आठवड्यात कंप्लायन्सच्या, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या माणसाला बैठकीत बसवा. सगळं बांधून झाल्यावर विचारलं तर त्याच्याकडे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उरतं. आधी विचारलं तर ‘असं केलंत तर चालेल’ हे तो सांगू शकतो. त्याच्यासोबत एकच पान लिहा: पैसा कोणाच्या खात्यातून निघतो, कुठे पोचतो, मध्ये कोणाकडे किती वेळ थांबतो, ओळख पडताळणी कुठे होते आणि रक्कम अडकली तर निस्तरायचं कोणी. पैसा तुमच्याकडे एक रात्र जरी मुक्कामाला राहणार असेल, तर परवान्याचा प्रश्न आधी सोडवा.

मग मर्यादा. नुसती प्रतिव्यवहार मर्यादा ठेवली की लबाड माणूस मोठ्या रकमेचे तुकडे करतो. म्हणून दर ग्राहकामागे दिवसाची आणि महिन्याची मर्यादा लावा, शिवाय सगळ्या ग्राहकांची मिळून एक. ही शेवटची म्हणजे सगळंच बिघडलं तर कंपनी किती नुकसान सोसेल तो आकडा. तो इंजिनिअरने नव्हे, वित्त विभागाने द्यावा.

दोनदा पैसे कापल्याच्या तक्रारी येतात, आणि मूळ बहुधा टाइमआउटमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न येण्यात असतं. उत्तर आलं नाही म्हणजे व्यवहार फसला असं नाही, पण ग्राहक पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक विनंतीचा वेगळा क्रमांक ग्राहकाच्या फोनवरच तयार करा आणि पुन्हा प्रयत्न करताना तोच पाठवा. तो क्रमांक ओळखीचा निघाला तर सर्व्हरने जुनंच उत्तर द्यावं. खातेवहीतली चुकीची नोंद पुसू नका, उलट नोंद करा.

सुरुवात १ टक्का ग्राहकांपासून, मग ५, मग २५. प्रत्येक टप्प्यात एक तरी महिनाअखेर जाऊ द्या. तुमची खातेवही, प्रोसेसरचा (तुमच्यासाठी व्यवहार पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा) अहवाल आणि बँकेचं स्टेटमेंट यांचा ताळमेळ रोज घाला. पाच रुपयांचा फरकही दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. कार्डावरचे वाद, म्हणजे ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशा ग्राहकांच्या हरकती, साधारण १२० दिवसांपर्यंत येऊ शकतात, त्यामुळे पहिल्या महिन्याचा फसवणुकीचा आकडा देखणा दिसणारच. त्यावर भाळून वेग वाढवू नका.

सुविधा तडकाफडकी बंद करायचं बटण आधी बनवा. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत ८ पैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला होता. तिथला जुना, वापरातून गेलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने ९७ ईमेल पाठवले होते, पण ते इशारा म्हणून वाचायचं काम कोणाकडेच नव्हतं.

बटण कोण दाबणार त्याचं नाव पाळीनुसार लिहून ठेवा. त्याला कोणालाही विचारावं लागू नये. दाबल्यावर नवे व्यवहार थांबावेत, वाटेतले मात्र पूर्ण व्हावेत, नाहीतर पैसे कापलेले पण पोचलेले नाहीत असे ग्राहक हाती उरतात. दर तीन महिन्यांनी ते भर कामाच्या वेळेत खरंच दाबून बघा.