असेंब्लरमध्ये नावांचा आणि जागेचा हिशेब कसा ठेवावा

पैठणजवळ जायकवाडीचं धरण झालं, तेव्हा नाथसागराच्या पाण्याखाली गावं गेली. माणसं उठून नव्या जागी वसली. जुन्या पत्त्यावर आज कुणी निघालं तर त्याला पाणीच भेटेल. पण समजा एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी हटलं आणि जुन्या भिंती उघड्या पडल्या, तर लांबून वाटेल, गाव आहे की इथंच! फसवणूक या दुसऱ्या प्रकारात जास्त.

आमच्या असेंब्लरचं (आज्ञांचा मजकूर प्रोसेसरला कळणाऱ्या बाइटांत बदलणारा प्रोग्राम) नेमकं हेच झालं होतं. लातूरला घराच्या वरच्या खोलीत रविवारी चार-पाच पोरं जमतात, आम्ही सी भाषेत एक छोटा कंपायलर लिहितोय. त्यातला असेंब्लर ६४ लेबलांपर्यंत (लेबल म्हणजे कोडमधल्या एखाद्या जागेला दिलेलं नाव) बिनबोभाट चालायचा. ६५वं लेबल आलं की कधी उत्तर बरोबर, कधी चूक, कधी थेट सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या जागेला हात लागून प्रोग्राम कोसळायचा. "सर, काल तर चालत होतं की ओ!" सिंबॉलचा, म्हणजे लेबलांच्या नोंदींचा, ॲरे ६४ जागांचा होता. तो भरला की रीॲलॉक (मेमरीतली जागा वाढवून देणारं सी भाषेतलं फंक्शन) त्याला दुसरीकडे हलवायचा, आणि बाकीच्या नोंदींमधले पॉइंटर, म्हणजे लिहून ठेवलेले मेमरीतले पत्ते, जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहायचे. मोकळी झालेली जागा दुसऱ्या कुणी वापरली नसेल तोवर जुना मजकूर तिथंच असतो, म्हणून काम भागायचं. पुढचं सगळं त्या चुकीतून शिकून लावलेल्या क्रमानं सांगतो.

पायरी १: एका सिंबॉलमागे काय लिहायचं ते ठरवा

नाव, कोणत्या सेक्शनमध्ये (कोड, डेटा असा फाइलचा भाग), सेक्शनच्या सुरुवातीपासून किती बाइटांवर (म्हणजे ऑफसेट), बाहेर दिसणारा की आतल्या आत, आणि त्याची अवस्था. अवस्थेसाठी वेगळा रकाना हवाच. ऑफसेट शून्य म्हणजे 'अजून ठरला नाही' असं धरण्याचा मोह होतो. पण सेक्शनच्या पहिल्याच ओळीवरच्या लेबलाचा ऑफसेट शून्यच असतो, आणि तेच बहुधा प्रोग्रामचं पहिलं फंक्शन असतं. 'फक्त उल्लेख झालाय', 'व्याख्या झाली' आणि 'दुसऱ्या फाइलमधून येणार' या तीन अवस्था ठेवा. एकाच लेबलाची दोनदा व्याख्या झाली तर तीही इथंच पकडता येते.

पायरी २: नावं एका कोठारात ओता

फाइलची ओळ ज्या बफरमध्ये वाचता, त्यातल्याच शब्दाकडे सिंबॉलचा पॉइंटर लावू नका. पुढची ओळ वाचली की त्याच बफरवर नवा मजकूर बसतो. मग यादी छापली की सगळ्या लेबलांची नावं शेवटच्या ओळीसारखी दिसतात.

त्यापेक्षा सगळ्या नावांसाठी एकच लांबलचक बाइटांचा पट्टा ठेवा. नाव आलं की त्याच्या शेवटी जोडा, मागे एक शून्य बाइट टाका, आणि सिंबॉलमध्ये फक्त पट्ट्यावरचा क्रमांक लिहा. पट्ट्याचा सर्वांत पहिला बाइट शून्य ठेवा. ईएलएफ (लिनक्सवर चालणारा फाइल फॉरमॅट) फाइलमधल्या स्ट्रिंग टेबलची, म्हणजे नावांच्या पट्ट्याची, सुरुवात अशीच होते, त्यामुळे ऑब्जेक्ट फाइल (असेंब्लरनं तयार केलेली फाइल) लिहिताना हाच पट्टा उचलून ठेवता येतो. जुन्या कॉफ फॉरमॅटमध्ये तर ८ अक्षरांपर्यंतचं नाव सिंबॉलच्या १८ बाइटांच्या नोंदीतच कोंबलेलं असतं, त्याहून मोठं असेल तरच ते स्ट्रिंग टेबलात जातं.

पायरी ३: शोधण्यासाठी हॅश टेबल

नावावरून एक आकडा (हॅश) काढायचा आणि त्यावरून टेबलातला खण ठरवायचा, हे हॅश टेबल. एफएनव्ही-१ए हा हॅश पुरेसा आहे. ३२ बिटांच्या आवृत्तीत २१६६१३६२६१ या आकड्यापासून सुरू करा, नावाच्या प्रत्येक बाइटाशी एक्सॉर करा आणि १६७७७६१९ ने गुणा. खणांची संख्या २ चा घात ठेवा, तीन चतुर्थांश खण भरले की दुप्पट करा. असेंब्लरमध्ये सिंबॉल सहसा पुसले जात नाहीत, त्यामुळे हॅश टेबलमधला पुसण्याचा किचकट भाग लिहावाच लागत नाही.

खणात सिंबॉलचा पॉइंटर नको, त्याचा क्रमांक ठेवा. शून्य क्रमांक म्हणजे रिकामा खण. ईएलएफमध्येही शून्याव्या क्रमांकाचा सिंबॉल मुद्दाम कोरा असतो, म्हणून दोन्हीकडे जुळतं.

पायरी ४: जागा मागायची कशी

दोनच रस्ते आहेत, एक धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

पहिला: सिंबॉलचा ॲरे हवा तितका वाढू द्या, पण सगळीकडे फक्त क्रमांक फिरवा. पॉइंटर हवाच असेल तर कामापुरता काढा, आणि मध्ये नवा सिंबॉल तयार करणारं फंक्शन बोलावलं असेल तर तो टाकून पुन्हा काढा. रीॲलॉकचं उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. जागा मिळाली नाही तर तो नल देतो, आणि जुन्या जागेचा पत्ताही हातचा जातो.

दुसरा: मोठे तुकडे घ्या आणि ते कधीच हलवू नका. ६४ केबीचा तुकडा मागायचा, त्यातून सिंबॉल कापत जायचे, संपला की दुसरा तुकडा, पहिला जिथल्या तिथं. याला अरेना म्हणतात. घरी साखरेचं पोतं आणून डब्यात सुटी काढण्यासारखं, दरवेळी दुकानात पुडीसाठी जायला नको. कापताना आकडा ८ किंवा १६ च्या पटीत वर न्या, नाहीतर काही प्रोसेसरांवर वेडावाकडा पत्ता अडतो. काम झाल्यावर एकेक सिंबॉल फ्री करायची भानगड नाही, चार-सहा तुकडे परत केले की झालं. ग्नू असेंब्लर ऑबस्टॅक नावाची अशीच रचना वापरतो. फाब्रिस बेलार यांच्या टीसीसी या छोट्या सी कंपायलरमध्येही सिंबॉल गठ्ठ्यानं घेतात आणि सुटलेले एका यादीत ठेवून पुन्हा वापरतात.

मला पहिला रस्ता आवडतो. क्रमांक चार बाइटांत मावतो, फाइलमध्ये लिहिता येतो, डीबगरमध्ये वाचताही येतो.

पायरी ५: पुढे येणाऱ्या लेबलांसाठी कोरा रकाना

मोंढ्यात माल उतरतो तेव्हा आडतीच्या वहीत शेतकऱ्याचं नाव आणि पोत्यांची संख्या लिहिली जाते, भावाचा रकाना कोरा. सौदा झाला की मुनीम मागे येऊन तो भरतो. पुढच्या लेबलावर उडी मारणाऱ्या आज्ञेचं असंच करायचं. कोडमध्ये चार शून्य बाइट टाका आणि फिक्सअपच्या, म्हणजे नंतर भरायच्या जागांच्या, यादीत नोंद करा: कोणता सेक्शन, कोणत्या बाइटावर, किती बाइट, कोणत्या क्रमांकाचा सिंबॉल, त्यात किती मिळवायचं, आणि पत्ता सापेक्ष आहे का. आमचा पॉइंटर इथंच बुडाला होता. फिक्सअपमध्ये सिंबॉलचा क्रमांकच लिहा.

एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसरवरचं उदाहरण घेऊ. ५ बाइटांची लांब उडी १६व्या बाइटावर सुरू होते. पहिला बाइट आज्ञेचा, म्हणून कोरा रकाना १७ वर, आणि पुढची आज्ञा २१ वर. लेबल ४५ वर निघालं. अंतर पुढच्या आज्ञेपासून मोजतात, म्हणजे ४५ वजा २१, रकान्यात २४. चार बाइटांचा हा फरक विसरणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

याच उडीचा २ बाइटांचा आखूड प्रकारही आहे, तो उणे १२८ ते अधिक १२७ इतकाच पोचतो. सगळ्या उड्या आखूड धरून सुरुवात करा, न पोचणाऱ्या लांब करा, लेबलं पुन्हा मोजा, काही बदलेनासं होईपर्यंत फिरा. लांब केलेली उडी परत आखूड करायची नाही, नाहीतर हे फिरणं थांबेलच असं नाही. पहिल्या आवृत्तीत मात्र सगळ्या लांबच ठेवा.

पायरी ६: फाइल लिहिताना क्रमांक बदलतात

ईएलएफमध्ये आतले सिंबॉल आधी आणि बाहेर दिसणारे नंतर लागतात, आणि बाहेरचे कितव्या क्रमांकापासून सुरू होतात ते सेक्शनच्या माहितीत लिहावं लागतं. ६४ बिटांत एक नोंद २४ बाइटांची, ३२ बिटांत १६ बाइटांची. असं लावताना क्रमांक हलतात. म्हणजे शेवटी गाव हलतंच. म्हणून 'जुना क्रमांक – नवा क्रमांक' असा एक साधा ॲरे आधी बनवा आणि रिलोकेशनच्या नोंदी (लिंकरनं नंतर भरायचे पत्ते) त्यातूनच लिहा. मूळ टेबल जागेवर उलटंपालटं करू नका.

पायरी ७: मुद्दाम पाडून बघा

ॲरेची सुरुवातीची क्षमता ६४ ऐवजी १ करा, म्हणजे दुसऱ्याच लेबलाला तो वाढेल. मग ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून बांधा. त्याचा रीॲलॉक दरवेळी नवीनच जागा देतो आणि जुनी जागा लगेच कुणाला देत नाही, त्यामुळे जुना पत्ता वापरला की तो ओळ क्रमांकासह तिथंच थांबवतो. आमची तीन रविवार न सापडलेली चूक त्यानं पहिल्या झटक्यात दाखवली. एक फाइल शून्याव्या बाइटावरच्या लेबलाची, एक कधीच व्याख्या न झालेल्या लेबलाची आणि एक स्क्रिप्टनं तयार केलेली हजार लेबलांची, अशा तीन फाइली चाचणीत कायमच्या ठेवा. क्षमता परत ६४ करायची घाई नको, आमची अजून १ च आहे.