प्रोटीनच्या सिक्वेन्समध्ये आयक्यू मोटिफ कसा शोधायचा

ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात एमएस्सी करणारे ज्युनियर प्रोजेक्टच्या टायमाला हमखास विचारतात की आमचं प्रोटीन कॅल्मोड्युलिनला (पेशीत कॅल्शियमची वर्दी देणारं छोटं प्रोटीन) चिकटतं का हे नुसता सिक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम, बघून कळेल का. अर्धं कळतं, आणि उरलेलं अर्धं लॅबमध्येच, म्हणून दोन्ही लिहितोय.

आयक्यू मोटिफ म्हणजे कॅल्मोड्युलिन जिथे बसतं तो अमिनो आम्लांचा छोटा तुकडा, त्याचा पॅटर्न आधी पाठ करा; प्रत्येक अमिनो आम्लाला एक इंग्रजी अक्षर असतं. पहिल्या जागी आयसोल्युसिन म्हणजे आय (त्याच्या जागी एल, व्ही किंवा एफ पण चालतो), दुसऱ्या जागी ग्लुटामिन म्हणजे क्यू, मग कुठलेही तीन, सहाव्या जागी आर (आर्जिनिन) किंवा के (लायसिन), सातव्या जागी बहुतेक वेळा जी (ग्लायसिन), मग परत कुठलेही तीन आणि अकराव्या जागी आर किंवा के. चौदाव्या जागी पाण्यापासून पळणारं अमिनो आम्ल असेल तर केस आणखी मजबूत.

सराव माणसाच्या न्यूरोग्रानिनवर (मेंदूतलं एक प्रोटीन) करा, यूनिप्रॉट या प्रोटीनच्या ऑनलाइन डेटाबेसवर मिळतं, फक्त ७८ अमिनो आम्लं, पावसात लाइट गेली तरी वहीवर होतं. ३३ नंबरपासून वाचा: आय-क्यू-ए-एस-एफ-आर-जी-एच-एम-ए-आर. सगळं जागच्या जागी, आणि ४६ नंबरला परत आय, म्हणजे चौदावी जागा पण बसली.

आता दुसरं उदाहरण घ्या, स्कॅलपचा मायोसिन, म्हणजे स्नायू आखडवणारं प्रोटीन; स्कॅलप हा आपल्या तिसऱ्या-शिणाण्यांच्याच दोन शिंपल्यांच्या खानदानातला प्राणी, आणि त्याच्या स्नायूत कॅल्शियमचा स्विच थेट मायोसिनवरच्या लाइट चेनमध्ये असतो म्हणून मला हे प्रोटीन फार आवडतं. मायोसिनच्या हेवी चेनवर, म्हणजे त्याच्या मोठ्या साखळीवर, दोन आयक्यू मोटिफ आहेत, एकेकावर एकेक लाइट चेन, म्हणजे कॅल्मोड्युलिनच्याच नात्यातली छोटी साखळी, बसते. पहिला एफ-क्यू ने सुरू होतो, म्हणजे फक्त आय-क्यू सर्च केलंत तर तो गेलाच. दुसऱ्यात आय, क्यू आणि सहावा आर आहेत पण सातव्या जागी जी नाही आणि अकराव्या जागी एल आहे, आर एक घर पुढे सरकलाय. कडक पॅटर्न लावलात तर खरा मोटिफ हातातून निसटतो. म्हणून पॅटर्न सर्चवर थांबू नका, प्रोसाइट किंवा पीफॅम या मोटिफच्या डेटाबेसचं प्रोफाइल पण चालवा, ते प्रत्येक जागेला वेगळे मार्क देतं.

उलट बाजूनं, जी सोडून पॅटर्न लावलात तर ढोबळ हिशेबाने सहा-सात हजार अमिनो आम्लांमागे एक हिट निव्वळ योगायोगाने येतो, म्हणजे माणसाची वीसेक हजार प्रोटीनं चाळलीत तर हजारावर खोटे हिट. ते गाळायचे कसे? अल्फाफोल्डमध्ये, म्हणजे प्रोटीनच्या आकाराचा अंदाज देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बघा, तो तुकडा हेलिक्समध्ये (स्प्रिंगसारख्या वळणात) आहे का आणि बाहेर मोकळा आहे का, मध्ये प्रोलिन असेल तर मला तरी शंका येते. दुसऱ्या प्राण्यांमधले तेच प्रोटीन अलाइन करा, खरा मोटिफ सहसा टिकलेला असतो. आणि २३ ते २५ घरं पुढे-मागे बघाच, मायोसिन पाच या दुसऱ्या मायोसिनमध्ये असे सहा मोटिफ ओळीने आहेत, एक सापडला की शेजारी सापडायची शक्यता चांगली असते.

लॅबमधला भाग सगळ्यात महत्त्वाचा. बरेच जण कॅल्मोड्युलिन चिकटवलेले बीड्स (बारीक मणी) घेतात, त्यांना कुठलं प्रोटीन धरतं ते बघायला (यालाच पुल-डाऊन म्हणतात) बफरमध्ये कॅल्शियम घालतात, जेलवर बँड दिसला नाही की बाइंडिंग नाही असं लिहून मोकळे होतात, आणि हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं कारण आयक्यू मोटिफ अनेकदा कॅल्शियम नसतानाच कॅल्मोड्युलिन धरतो. न्यूरोग्रानिन तर कॅल्शियम आला की सोडून देतं. म्हणून पुल-डाऊन दोनदा लावा, एक कॅल्शियम घालून, एक इजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालून, बाकी बफर अगदी तोच. न्यूरोग्रानिनला कॉलमवर इजीटीएमध्ये बसवायचं आणि कॅल्शियमने उतरवायचं, नेहमीच्या कॅल्मोड्युलिन कॉलमच्या बरोबर उलटं.

फॉस्फोरिलेशन, म्हणजे प्रोटीनवर फॉस्फेट लागणं, विसरू नका. न्यूरोग्रानिनचा ३६ नंबरचा सेरिन मोटिफच्या आतच आहे, प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमने त्यावर फॉस्फेट लावला की कॅल्मोड्युलिन बसत नाही. पहिली टेस्ट ई. कोलाय या जिवाणूत बनवलेल्या प्रोटीनवर करा, तिथे हा कायनेज नसतो.

आणि म्युटंट कंट्रोल, म्हणजे मोटिफ मुद्दाम बिघडवलेलं तेच प्रोटीन, हवाच, तो नसेल तर बँड मोटिफमुळेच आला हे कुणाला पटवणार. न्यूरोग्रानिनमध्ये ३३ नंबरचा आय बदलून क्यू केला की बाइंडिंग जातं, तुमच्या प्रोटीनमध्ये पण पहिल्या जागेपासूनच सुरुवात करा.