झडपेचं दुसरं ऑपरेशन: नागपूरला निघण्याआधी

मायची दुरुस्त केलेली हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) पुन्हा गळू लागली, तेव्हा शिकलो ते सांगतो. चालताना दम, रात्री आडवं झाल्यावर दम लागून उशाखाली आणखी उशी, पायाला सूज दिसली की कापूस वेचणी उरकायची वाट पाहू नका. हृदय थकल्यावर ऑपरेशनचा धोका वाढतो. जुनी ऑपरेशन नोट, इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) सगळे रिपोर्ट सोबत घ्या. पहिल्या ऑपरेशननंतर हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेलं असू शकतं, म्हणून बहुतेकदा आधी सीटी स्कॅन करतात. दातांतले जंतू झडपेपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दातही तपासून घ्या. सर्जनला विचाराच: पुन्हा दुरुस्ती की नवी झडप? मेकॅनिकल (यांत्रिक) झडप प्राण्याच्या ऊतीच्या झडपेपेक्षा जास्त टिकते, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी) तपासणीही. आम्ही ती तालुक्याला बाजाराच्या दिवशीच करतो, म्हणजे चुकत नाही.